दीडशहाणा आणि दहा ओळींचा प्रोग्रॅम

मराठीत 'दीडशहाणा' हा मोठा मजेदार शब्द आहे. शहाणपण दीडपट असेल तर ते चांगलेच म्हणायला हवे. पण हा शब्द कोणी कौतुकाने वापरत नाही. एकापेक्षा जास्त असलेले ते अर्धे शहाणपण मूळच्या एकालाही खाऊन टाकते, असे आपल्या पूर्वजांचे गणित असावे. 'अति शहाणा त्याचा बैल रिकामा' ही म्हणही त्याच गणितातून आलेली दिसते.

असा माणूस प्रत्येक ठिकाणी भेटतो. शिक्षकांच्या खोलीत भेटतो, ग्रामपंचायतीत भेटतो, लग्नाच्या मांडवातही भेटतो. या लेखात मात्र आपण त्याला एका विशिष्ट जागी पाहणार आहोत. ती जागा म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींचा गट. आपले कितीतरी विद्यार्थी आज पुणे, मुंबई, बंगळूर येथे किंवा परदेशात अशा गटांत काम करतात. ते भेटायला आले की संगणकाबद्दल जेवढे बोलतात, तेवढेच अशा एखाद्या सहकाऱ्याबद्दल बोलतात. तो बैठकीत दुसऱ्याला वाक्य पूर्ण करू देत नाही. कोणतीही शंका काढली की 'हे तर साधे आहे' असे म्हणतो. दुसऱ्याने लिहिलेले सगळे पुन्हा लिहून काढतो. आणि तो चुकतो तेव्हा ते सांगायला कोणी पुढे होत नाही.

हा केवळ स्वभावाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. पण माणसाला आपल्या ज्ञानाचा अंदाज कितपत येतो, गटात कोणाचे ऐकले जाते आणि चूक कशी पकडली जाते, हे सगळे प्रयोगांनी तपासलेले विषय आहेत. शिवाय प्रोग्रॅम लिहिणे हा असा उद्योग आहे, की त्यात 'मला सगळे येते' या दाव्याची परीक्षा यंत्रच घेते. तेव्हा सुरुवात एका प्रोग्रॅमपासूनच करू या.

दहा ओळी, सोळा वर्षे

वर्गात हा खेळ आपण खेळलेला असेल. एका विद्यार्थ्याने १ ते १००० पैकी एक संख्या मनात धरायची. इतरांनी फक्त 'ती अमुक संख्येपेक्षा मोठी आहे का?' असे प्रश्न विचारून ती ओळखायची. हुशार मुले लगेच मधली संख्या धरतात. ५०० पेक्षा मोठी? नाही. २५० पेक्षा मोठी? होय. अशा रीतीने दर प्रश्नाला शक्यता निम्म्या होतात. दहा वेळा निम्मे केले की १०२४ गोष्टींतून एकच उरते, म्हणून जास्तीत जास्त दहा प्रश्नांत उत्तर मिळते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण साधारण हेच करतो.

संगणकात क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी नोंद शोधण्यासाठी हीच रीत वापरतात. तिला 'बायनरी सर्च' म्हणतात. कल्पना पाचवीच्या मुलाला समजते आणि प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा असतो. 'हे तर साधे आहे' असे म्हणायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आता या साध्या गोष्टीचा इतिहास पाहा. डोनाल्ड क्नुथ हे संगणकशास्त्रातले मोठे नाव. त्यांनी नोंदवले आहे, की ही रीत प्रथम १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. पण यादीची लांबी कितीही असली तरी बरोबर चालणारी तिची कृती प्रसिद्ध व्हायला १९६२ साल उजाडावे लागले. म्हणजे दहा ओळींसाठी सोळा वर्षे! पुढे जॉन बेंटली या शास्त्रज्ञाने बेल लॅब्ज आणि आयबीएम येथील व्यावसायिक प्रोग्रॅमरांना हाच प्रोग्रॅम लिहायला सांगितला आणि त्यासाठी भरपूर वेळही दिला. ज्यांना तो अचूक लिहिता आला असे लोक सुमारे दहा टक्केच निघाले.

बेंटली यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा प्रोग्रॅम लिहून दाखवला आणि तो बरोबर असल्याची सिद्धताही दिली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी लिहिले, की त्या प्रोग्रॅममध्येही चूक आहे. ब्लॉक हे स्वतः बेंटली यांचे विद्यार्थी. जावा या भाषेबरोबर जगभर वाटला जाणारा बायनरी सर्च त्यांनीच लिहिलेला होता. त्यातही तीच चूक सुमारे नऊ वर्षे दडून बसली होती आणि कोणा एकाचा प्रोग्रॅम बंद पडला तेव्हा ती उघडकीस आली.

चूक होती तरी काय? मधली जागा काढण्यासाठी सगळेजण सुरुवातीचा आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करून तिला दोनने भागत होते. गणितात हे निर्दोष आहे. पण संगणकाच्या पेटीत मावणाऱ्या संख्येला मर्यादा असते. स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात ९९९९९ नंतर ००००० येते, तसाच हा प्रकार. ३२ बिटांच्या पेटीत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही सर्वांत मोठी संख्या मावते. तिच्यापुढे एक पाऊल टाकले, की चक्र फिरून एकदम तेवढ्याच मोठ्या ऋण संख्येवर जाते. समजा, शोध ११० कोटी आणि १२० कोटी या क्रमांकांच्या मध्ये चालला आहे. बेरीज २३० कोटी व्हायला हवी. पण ती मावत नाही, म्हणून यंत्र ती उणे १९९ कोटींच्या आसपास दाखवते. तिचे निम्मे केले तरी ऋणच. उणे क्रमांकाची नोंद यादीत असणार कशी? प्रोग्रॅम कोसळतो. उपायही साधाच आहे. बेरीज करण्याऐवजी दोन क्रमांकांतला फरक काढायचा, त्याचे निम्मे करायचे आणि ते सुरुवातीच्या क्रमांकात मिळवायचे.

१९८६ मध्ये शंभर कोटी नोंदींची यादी संगणकाच्या स्मृतीत मावतच नव्हती, म्हणून चूक कोणाला दिसली नाही. लिहिणारी माणसे अज्ञानी नव्हती. ती त्या विषयातली अव्वल माणसे होती. परिस्थिती बदलली आणि बरोबर असलेले चूक ठरले. दहा ओळींची ही कथा असेल, तर लाखो ओळींच्या प्रोग्रॅमबद्दल 'मला सगळे माहीत आहे' असे म्हणणाऱ्याविषयी आपण काय समजावे? एड्स्गर डाइक्स्ट्रा यांना १९७२ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणाला 'विनम्र प्रोग्रॅमर' या अर्थाचे शीर्षक दिले. ते केवळ सौजन्य नव्हते. माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोडे मावते, ही जाणीव हे चांगल्या कारागिराचे हत्यारच आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

कळल्यासारखे वाटणे आणि कळणे

मग एखाद्याला आपल्याला सगळे कळते असे वाटते तरी कसे? तो ढोंग करत असतो का? बहुधा नाही.

येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. कपड्याची चेन, कुलूप, शिवणयंत्र, हेलिकॉप्टर अशा वस्तू कशा चालतात हे आपल्याला कितपत कळते, याला त्यांनी लोकांना १ ते ७ पैकी गुण द्यायला सांगितले. नंतर त्यांतल्या काही वस्तूंचे काम पायरीपायरीने लिहून काढायला सांगितले आणि पुन्हा गुण द्यायला लावले. लिहायला बसल्यावर गुण उतरले. वस्तू रोजच्या वापरातली असते. ती डोळ्यांसमोर चालत असते. त्यामुळे तिचे आतले कामही आपल्याला ठाऊक आहे असा भास होतो. स्पष्टीकरण द्यायची वेळ आली की भास मोडतो.

याच सुमारास, १९९९ मध्ये, कॉर्नेल विद्यापीठातील डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांनी तर्क, व्याकरण वगैरे विषयांच्या चाचण्या घेऊन लोकांना आपला क्रमांक कुठे लागेल याचा अंदाज विचारला. सर्वांत खालच्या चतुर्थांशातले लोक प्रत्यक्षात शंभरांत तळापासून बाराव्या स्थानाच्या आसपास होते. पण त्यांनी स्वतःला बासष्टाव्या स्थानाजवळ ठेवले होते. या निष्कर्षाचा काही भाग संख्याशास्त्रीय आकडेमोडीमुळेही दिसू शकतो, असा वाद पुढे झाला. त्यामुळे 'अडाणी तेवढा घमेंडी' असा सरसकट नियम त्यावरून काढू नये. एवढे मात्र नक्की म्हणता येते, की माणसाचा आत्मविश्वास आणि त्याचे ज्ञान ही दोन वेगळी मापे आहेत आणि एकावरून दुसरे वाचता येत नाही.

आपल्या सहकाऱ्याबद्दल राग येतो तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवणे उपयोगी पडते. तो आपल्याला मुद्दाम फसवत नसतो. बऱ्याचदा तो स्वतःच फसलेला असतो.

बाकीचे गप्प का बसतात?

पण एका माणसाचा भास एकट्याने गटाचे नुकसान करू शकत नाही. त्यासाठी इतरांचे मौन लागते.

कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-चार जणांचे गट करून त्यांना गणिताची उदाहरणे सोडवायला दिली. नंतर गटातल्यांनी एकमेकांच्या कुवतीला गुण दिले. स्वभावाने दबाव टाकणाऱ्या माणसांना इतरांनी जास्त हुशार ठरवले. त्यांचे गणित प्रत्यक्षात जास्त चांगले नव्हते तरीही. ही माणसे आधी बोलत आणि अधिक बोलत. आणि गटाने दिलेले अखेरचे उत्तर ९४ टक्के वेळा कोणीतरी सर्वांत प्रथम उच्चारलेले उत्तरच होते! वर्गात पहिला हात वर करणाऱ्या मुलाचे उत्तर सगळा वर्ग कसा उतरवून घेतो, हे आपण रोज पाहतो. मोठ्यांचेही तेच आहे.

सॉलोमन ॲश यांचे १९५१ पासूनचे प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत असतात. तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. पण आधी ठरवून बसवलेली मंडळी एकमुखाने चुकीचे उत्तर देत. ते ऐकून खऱ्या उमेदवारांनीही साधारण एक तृतीयांश वेळा चुकीचे उत्तर दिले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यापुढचा आहे. त्या मंडळींपैकी एकानेही बरोबर उत्तर दिले, तर उमेदवाराच्या चुका सुमारे पाव पटीवर आल्या. एक सोबती मिळाला की माणूस डोळ्यांना दिसते ते बोलू लागतो.

मौनाची किंमत किती असू शकते, हे विमानवाहतुकीच्या इतिहासाने दाखवले आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवर टक्कर झाली आणि ५८३ माणसे मेली. उड्डाणाची परवानगी नसताना विमान सुटले होते. त्याचा कप्तान त्या कंपनीत जंबो विमानांच्या वैमानिकांना शिकवणारा प्रमुख होता. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विमानातल्या अभियंत्याने बोलून दाखवली. कप्तानाने ठामपणे 'झाले आहे' असे उत्तर दिले आणि अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. धुके, गर्दी, एकमेकांत मिसळलेले रेडिओ संदेश अशी इतर कारणेही होती. सगळा दोष एका स्वभावावर टाकता येणार नाही. पण जो इतरांना शिकवतो तो चुकणार कसा, ही समजूतही त्या कारणांत होती. अशा अपघातांचा अभ्यास करून नासाने १९७९ मध्ये एक कार्यशाळा भरवली आणि १९८१ पासून वैमानिकांच्या प्रशिक्षणात नवा विषय येऊ लागला: कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी ऐकायची.

ध्यानात घ्या, इथे कप्तानाचा स्वभाव बदलण्याची वाट कोणी पाहिली नाही. कामाची पद्धत बदलली.

प्रोग्रॅम माझा नाही

प्रोग्रॅमरांच्या जगातही हाच धडा शिकला गेला होता. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिले. त्यांचे निरीक्षण असे, की माणूस आपल्या प्रोग्रॅमला स्वतःचाच भाग समजू लागतो. मग प्रोग्रॅममध्ये दाखवलेली चूक त्याला स्वतःवरचा हल्ला वाटते. तो चूक पाहण्याचेच टाळतो. यावर वाइनबर्ग यांनी सुचवलेला उपाय म्हणजे अहंकार बाजूला ठेवून प्रोग्रॅमिंग करणे: आपले लिखाण आपण होऊन दुसऱ्याला वाचायला द्यायचे आणि त्याने चुका काढल्या की हायसे वाटून घ्यायचे. त्यांनी यासाठी जॉन फॉन नॉयमन यांचे उदाहरण दिले आहे. विसाव्या शतकातल्या सर्वांत तल्लख गणितींपैकी एक असलेला हा माणूस आपण प्रोग्रॅमर म्हणून भिकार आहोत असे सांगत फिरे आणि आपले प्रोग्रॅम चुका शोधण्यासाठी लोकांच्या हातात कोंबत असे.

पण सगळेच काही फॉन नॉयमन नसतात. म्हणून १९७६ मध्ये आयबीएममधील मायकेल फेगन यांनी तपासणीची शिस्तशीर पद्धत मांडली. साधारण चार जण बसायचे आणि प्रत्येकाला ठरलेली भूमिका असायची. एक जण बैठक चालवणारा असे आणि लेखक हा त्यांतला केवळ एक. बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही. बैठकीत चुका शोधायच्या. त्या कशा दुरुस्त करायच्या यावर वाद घालत बसायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सापडलेल्या चुकांचा उपयोग वरिष्ठांनी माणसाची योग्यता ठरवण्यासाठी करायचा नाही. आज बहुतेक कंपन्यांत 'कोड रिव्ह्यू' नावाने जे चालते, त्याची मुळे या पद्धतीत आहेत. मात्र हा शेवटचा नियम विसरला, की तपासणी म्हणजे दीडशहाण्याच्या हाती दिलेली छडी ठरते.

मग करायचे काय?

आता एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एका गटात विमा कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिला जात आहे. ज्येष्ठ सहकारी सगळ्यांना दरडावणारे आहेत. नव्याने आलेली एक मुलगी लीप वर्षाच्या हिशेबाबद्दल शंका काढते. 'चारने भाग गेला की लीप वर्ष. हे शाळेत शिकवतात. पुढे चला,' असे उत्तर मिळते. तिला ठाऊक आहे, की शंभराने भाग जाणारे वर्ष चारशेनेही भाग गेल्याशिवाय लीप धरत नाहीत. ती काय करू शकते?

'तुम्हांला माहीत नाही' असे ती म्हणाली, तर पुढचा अर्धा तास प्रतिष्ठेच्या लढाईत जाईल. गप्प बसली, तर चूक तशीच पुढे जाईल. तिसरा मार्ग असा: 'सर, आज जन्मलेल्या मुलाची पॉलिसी शंभर वर्षे चालली, तर आपण २१०० च्या पलीकडे जातो. २८ फेब्रुवारी २१०० च्या दुसऱ्या दिवशी कोणती तारीख येते, ते एकदा चालवून पाहू या का?' प्रोग्रॅम २९ फेब्रुवारी असे उत्तर देतो. २१०० ला चारशेने भाग जात नाही, म्हणून ही तारीख पंचांगात असणारच नाही. आता भांडण दोन माणसांत उरले नाही. उत्तर यंत्राने दिले आहे. वादाचे रूपांतर प्रयोगात करणे ही विज्ञानाची जुनी युक्ती आहे आणि दीडशहाण्यापुढे तिच्याइतकी चालणारी दुसरी युक्ती नाही.

ही चूक अगदीच बालिश आहे, असे वाटत असेल तर एक्सेल या प्रोग्रॅममध्ये १९०० सालचा फेब्रुवारी उघडून पाहा. तिथे २९ तारीख सापडते. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या प्रोग्रॅमने १९०० हे लीप वर्ष धरले होते. त्याच्या फायली आपल्याकडेही चालाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली आणि ती आजही तिथे आहे. वेळीच न पकडलेली चूक पुढे दुसऱ्यांनाही सांभाळावी लागते, ती अशी.

प्रयोगाशिवाय आणखी काही गोष्टी करता येतात. 'तुम्ही हे का म्हणता?' असे विचारले की माणूस बचाव करू लागतो. 'हे नेमके कसे चालेल, पायरीपायरीने सांगाल का? मी लिहून घेते,' असे विचारले की तो समजावू लागतो. येलचा प्रयोग आठवा. समजावताना त्याचा त्यालाच खड्डा दिसतो आणि आपण बोट दाखवण्याची गरज राहत नाही. आणि खड्डा नसलाच, तर आपल्याला फुकट शिकवणी मिळते.

कोणत्याही निर्णयाआधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे आणि मग चर्चा सुरू करावी. 'हे काम किती दिवसांत होईल?' यासारख्या प्रश्नांना तर हे आवश्यकच आहे. पहिला आवाज कोणाचा, याचे महत्त्व त्यामुळे संपते. बैठकीच्या आधी एखाद्या सहकाऱ्याशी आपली शंका बोलून ठेवावी. ॲशच्या प्रयोगातला तो एक सोबती फार मोलाचा असतो. यात कट काही नाही. त्या सोबत्याला शंका पटली नाही, तर तीही माहिती आपल्याला आधीच मिळते.

आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा: तो बरोबर तर नाही ना? उद्धटपणे सांगितलेले सत्य हे सत्यच असते. तो बरोबर असेल तेव्हा तसे सगळ्यांसमोर मान्य करावे. त्यामुळे तो चुकेल तेव्हा आपल्या बोलण्याला वजन येते.

पण ज्ञान खरे असले म्हणून अपमानाचा परवाना मिळतो का? लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू करणारे लायनस टोरवाल्ड्स यांच्या ज्ञानाविषयी कोणाला शंका नव्हती. चुकीचे लिखाण पाठवणाऱ्यांना ते जाहीरपणे अतिशय झोंबणारे बोलत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी या वागण्याबद्दल सर्वांची माफी मागितली, काही आठवडे काम थांबवले आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने वर्तनाचे नियम स्वीकारले. तेव्हा वागणुकीबद्दल बोलायचे झाल्यास ते चारचौघांत न बोलता एकांतात बोलावे. 'तुम्ही नेहमीच असे करता' असे न म्हणता, 'मंगळवारच्या बैठकीत माझे बोलणे तीनदा तोडले गेले आणि चाचणीचा मुद्दा राहून गेला' असे नेमके सांगावे. त्याने फरक पडला नाही, तर गटप्रमुखाकडे जावे. तो कमकुवतपणा नव्हे. गटाच्या कामाचे नियम ठरवणे आणि ते पाळले जातात हे पाहणे, हे गटप्रमुखाचे कामच आहे. टोमणे, धमक्या किंवा सतत चालणारी मानहानी ही तर स्वभावाची बाब राहतच नाही. तिथे युक्त्या पुरत नाहीत, तक्रारच करावी लागते.

वर्गात करून पाहा

मुलांना न पाहता सायकलचे चित्र काढायला सांगा. चौकट, पायडल आणि साखळी नीट दाखवायची. त्याआधी 'सायकल कशी चालते हे मला कळते' याला सातांपैकी गुण द्यायला लावा. चित्र काढून झाल्यावर खरी सायकल वर्गात आणा आणि पुन्हा गुण द्यायला लावा. लिव्हरपूल विद्यापीठातील रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये मोठ्या माणसांकडून असे काम करून घेतले, तेव्हा साखळी पुढच्या चाकालाही जोडणारे लोक निघाले.

दुसरा प्रयोग: एका बरणीत मोजून हरभरे भरा. एका तुकडीला दाण्यांचा अंदाज चिठ्ठीवर लिहायला सांगा. दुसऱ्या तुकडीला एकामागून एक मोठ्याने सांगायला लावा. पहिल्या मुलाला आधीच गुपचूप फार मोठी संख्या सांगून ठेवा. दोन्ही तुकड्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढा. फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ मध्ये एका जत्रेतल्या ७८७ चिठ्ठ्या अशा तपासल्या होत्या. बैलाच्या मांसाचे वजन ओळखायचे होते. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला. खरे वजन ११९८ पौंड होते. प्रत्येकाने आपला अंदाज स्वतंत्रपणे लिहिला होता, म्हणून एकमेकांच्या चुका एकमेकांना खोडू शकल्या. आपल्या दुसऱ्या तुकडीत काय होते, ते मुलांनाच पाहू द्या आणि कारण शोधू द्या.

हे प्रयोग झाले, की मुलांना आणखी एक गोष्ट दाखवता येईल, आणि ती आपल्यालाच दाखवावी लागेल. वर्गात एखादा प्रश्न आला आणि उत्तर ठाऊक नसले, तर 'मला माहीत नाही, आपण शोधू या' असे फळ्यासमोर उभे राहून म्हणता आले पाहिजे. हे वाक्य ज्या मुलांनी आपल्या शिक्षकांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे, ती उद्या कोणत्याही गटात गेली तरी दीडशहाण्याला घाबरणार नाहीत. आणि स्वतःही तसे होण्याचा संभव कमी राहील.